वैनीनं मेंढी धरली

बदामाचा एक्का मी टाकला आणि वैनीनं त्याच्यावर तिर्री टाकली.

ज्यांना मेंढीकोट ठाऊक नाही त्यांना यात काही मोठंसं वाटणार नाही, म्हणून सांगते. चौघांचा खेळ, समोरासमोरचे दोघं भिडू. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या जोडीकडं मेंढ्या जास्त, ती जिंकली. भिडूचा एक्का पडला की ती दस्त, म्हणजे ती चार पानं, आपलीच, तेव्हा आपल्या हातात त्या रंगाची मेंढी असेल तर डोळे मिटून त्याच्यावर घालायची. शेंबडं पोरसुद्धा घालतं. आणि भिडूनं भिडूशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. पानांवरनं जे कळेल ते कळेल.

वैनीनं तिर्री टाकली म्हणजे तिच्याकडं बदामाची मेंढी नाही, असं मी धरून चालले. पुढची उतारी बदामाच्या चव्वीची केली. माझ्या नणंदबाईंनी राजा टाकला. आणि वैनीच्या हातातनं काय पडावं? बदामाची दश्शी! तेवढंच एक बदाम तिच्याकडं उरलं होतं.

"आली गं बाई घरात!" म्हणत सासूबाईंनी मेंढी उचलली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक्क्यावर घालायची सोडून धरून ठेवली आणि शत्रूच्या राजाच्या तोंडात दिली! मी शेजारच्या सोड्याच्या क्रेटकडं बघून म्हटलं, "काही काही लोकांना हातातली मेंढीसुद्धा दिसत नाही. चष्मा करून घ्या म्हणावं."

क्रेटशी बोलले, कारण वैनीशी मी बोलत नव्हते. चार वर्षं.

हे सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीतलं. कुर्डुवाडीला आमचा गोटीसोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पुढं पत्र्याची शेड, तिच्यात गॅसची टाकी आणि हातानं फिरवायचं मशीन, मागं घर. उन्हाळ्यात आम्ही बायकासुद्धा बाटल्या धुवायला बसायचो, घास गिळायला फुरसत नसायची. थंडीत सोडा कोण पिणार? मग दुपारची जेवणं उरकली की मागच्या ओट्यावर, रिकाम्या क्रेटांच्या आडोशाला, आम्हा चौघींचा डाव बसायचा. सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. नवरा गेल्यावर माहेरी परत आलेल्या माझ्या नणंद, तानूवन्सं. माझी थोरली जाऊ, अनुसयावैनी. आणि मी, शकू. जोड्या आत्याबाईंनीच लावलेल्या, मायलेकी एकीकडं आणि जावाजावा एकीकडं.

"न बोलता खेळायचा खेळ ह्या दोघींइतका कुणाला जमणार?" आत्याबाई म्हणायच्या आणि पोट धरून हसायच्या.

खोटं कशाला बोलू, जमायचाच. एका चुलीवर स्वयंपाक करायचो. मीठ संपलं तर मी फडताळाला सांगायची, "मीठ संपलंय हो." पाणी आलं तर वैनी मांजराला सांगायची, "नळ आलाय गं." पण पत्ते हातात आले की तिच्या मनातलं मला आणि माझ्या मनातलं तिला लख्ख कळायचं. वन्सं नाक खाजवून, बांगडी वाजवून आईला सर्रास खुणा करायच्या. वैनीनं कधी एक खूण केली नाही. एकदा मला इस्पिक हवं होतं म्हणून मी कानाला हात लावला, तर तिनं मुद्दाम किलवर टाकलं आणि डाव घालवला. अशी सरळ बाई. म्हणून तर त्या तिर्रीनं मी एवढी पेटले.

अबोला कशावरून, तेही सांगून टाकते. माझा बाळू तीन वर्षांचा असताना मला पुन्हा दिवस गेले होते. आठव्या महिन्यात भावाच्या हळदीला बार्शीला जायचं होतं. वैनी म्हणाली, मोटारसायकलवर बसू नको, एसटीनं जा. मी ऐकलं नाही. घरी आल्यावर चौथ्या दिवशी पोट दुखायला लागलं आणि मुलगी झाली ती मेलेलीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाडीचा काही संबंध नाही, नाळेचा फास बसला होता. पण आठ दिवसांनी गल्लीतल्या बायका भेटायला आल्या तेव्हा त्यांच्यासमोर वैनी म्हणाली, "घसा कोरडा करून सांगत होते, गाडीवर बसू नको. ऐकलं असतं तर पोरगी आज मांडीवर असती."

झालं. मी बाळूला उचलून कडेवर घेतलं, तोंडाला येईल ते बोलले आणि खोलीचं दार लावून घेतलं. काय काय बोलले ते मला नंतर आठवतही नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की हिनं माफी मागेपर्यंत हिच्याशी बोलायचं नाही. तिनं माफी मागितली नाही. तीही बोलायची बंद झाली.

तर त्या दिवशी, भोगीच्या आदल्या दुपारी, मी मेंढीसाठी फणफणत होते. पुढचा डाव वैनीनं वाटायचा होता. वैनी डावखुरी. डाव्या हातानं अशी सरसर पानं वाटायची की बघत राहावं. त्या दिवशी उजव्या हातानं वाटत होती. दोन पानं उलटी पडली. वाटून झाल्यावर तिनं डावा हात मांडीवर टाकून त्याच्यात पानं धरली, रंगवार लावलीही नाहीत.

"काय गं अनुसया, हात लचकला का?" आत्याबाईंनी विचारलं.

"पाण्याचा हंडा उचलताना भरला थोडा," वैनी म्हणाली.

डाव सुरू झाला. तिसरी दस्त वैनीची झाली. पानं ओढून घ्यायला ती पुढं वाकली आणि तिचा पदर डाव्या खांद्यावरनं खाली आला. वन्सं आणि आत्याबाई आपापल्या पानांत डोकं घालून बसल्या होत्या. समोर मी. ब्लाउजच्या आत तिनं जुन्या धोतराची चिंधी दुमडून ठेवली होती, ती गळ्यातनं वर आली होती. तिच्यावर डाग होता. रक्ताचा नव्हे, दुधाचा नव्हे, पिवळट तांबूस. आणि चिंधीच्या वर जेवढी कातडी दिसत होती ती संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली होती.

माझी मामी अशीच गेली होती. अशीच चिंधी, असाच डाग. मी दहा वर्षांची होते तेव्हा, तिच्या चिंध्या मीच विहिरीवर धुवायची. मला दुसरं कुणी सांगायची गरजच नव्हती.

मी वर बघितलं. वैनी माझ्याकडं बघत होती. तिनं पदर सावकाश वर घेतला, अगदी सावकाश, आणि खोचला.

मी मान खाली घातली आणि पान टाकलं.

आता जे सांगते ते इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या क्षणी मला बरं वाटलं. होय, बरं वाटलं. मनात म्हटलं, आता कळेल. आता येईल बोलायला. ही बाई आपण होऊन माझ्याजवळ येईल, म्हणेल शकू, मला असं असं झालंय, आणि मी म्हणेन, आधी त्या दिवसाचं बोला. दुसऱ्या क्षणाला माझी मलाच शिसारी आली, पण आधीचा क्षण आलाच होता, तो काही गेला नाही.

डाव आम्ही हरलो.

दोन दिवसांनी संक्रांत. त्या दिवशी वर्षाचं वैर असलेली माणसंसुद्धा एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवतात. सकाळी मी भाकरी थापत होते, तर वैनी डबा घेऊन चुलीपाशी आली. माझ्या पिठाच्या हाताकडं बघितलं, खाली बसली आणि माझ्या तळहाताच्या कोरड्या भागावर हलव्याचे चार दाणे आणि एक वडी ठेवली. 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणायचं असतं. ती म्हणाली नाही. ओठ गच्च मिटलेले. डोळे मात्र माझ्या तोंडाकडं लागलेले.

मी वाट बघितली. म्हण की गं बाई! सगळा गाव म्हणतोय, दोन शब्द, तेवढे म्हण!

नाही म्हणाली. मला वाटलं, काय ताठा हा! एवढं अंगावर आलंय तरी पीळ जात नाही. मी वडी ताटलीत ठेवली, हात झटकला आणि भाकरी तव्यावर टाकली. तिची अकरा वर्षांची पमी दारात उभी होती, तिला म्हटलं, "पमे, तुझ्या आईला सांग, मिळाला तिळगूळ."

वैनी उठताना भिंतीला धरून उठली.

मग रोज एकच. सकाळी उठलं की मी तिच्याकडं बघायची. हात किती वर जातोय, कुठल्या कुशीवर झोपली होती, भात किती खाल्ला. मोरीमागच्या दोरीवर तिच्या साडीखाली लपवून वाळत घातलेल्या चिंध्या मोजायची. आधी दोन असायच्या, मग चार झाल्या. आज सांगू, उद्या सांगू. आत्याबाईंना सांगावं तर वाटायचं, तिच्या अंगाची गोष्ट मी कोण सांगणारी? तिनं झाकून ठेवलंय, चुकून पदर पडला म्हणून मला दिसलं, आपण चव्हाट्यावर आणलं तर म्हणेल, सूड घेतला. 'ह्यां'ना एकदा सांगायला गेले. "वैनींची तब्येत बरी दिसत नाही," म्हटलं. हे म्हणाले, "मग बोल की तिच्याशी. तुमचं तुम्ही मिटवा बाई, मला मध्ये घेऊ नका." तेवढंच निमित्त पुरलं मला. त्यांचाच राग येऊन गप्प बसले.

खरं कारण एकच होतं. आधी तिनं बोलायला पाहिजे होतं. मूग गिळून बसले, नऊ आठवडे.

पत्ते मात्र चालूच होते. ती यायची, समोर बसायची, उजव्या हातानं पानं टाकायची. तिच्या पानांवरनं मला सगळं कळायचं. पूर्वी कशी धडाधड हुकमानं कापायची. आता मोठी पानं हातात असूनही बारीक टाकायची, डाव लवकर संपावा म्हणून. मी समोर बसून ते बघायची आणि आपलं पान टाकायची.

होळीच्या दिवशी पुरणाची डाळ शिजली होती. वैनीनं पातेलं उतरवायला दोन्ही हात घातले आणि डावा हात एकदम सुटला. कढत कटाचं पाणी तिच्या पायावर सांडलं. पातेलं गडगडत माझ्यापर्यंत आलं.

"वैनी!" मी ओरडले.

चार वर्षांत पहिल्यांदा. ती खाली बसली होती, पाय भाजलेला, पण पायाकडं बघतच नव्हती. तिनं झटकन उजवा हात पुढं केला आणि माझ्या तोंडावर दाबला. "नको! बोलू नको, शके, बोलू नको!"

मला वाटलं, आरडू नको म्हणतेय, आत्याबाई धावत येतील म्हणून. मी तिचा हात बाजूला केला. "बोलू नको काय? उठा. मोरीत चला. दाखवा मला."

"पायाला काही झालं नाही गं."

"पायाचं कोण विचारतंय!"

ती रडायला लागली. मोरीचं दार लावून तिनं ब्लाउज सोडला. मी बघितलं. ते सांगत नाही. मामीचं शेवटच्या महिन्यात होतं तसंच होतं. मी तिला धरून तिथंच ओल्या फरशीवर बसले आणि दोघी रडलो, आणि बाहेरनं वन्सं ओरडत राहिल्या, "अगं पुरणाचं काय झालं?"

तिसऱ्या दिवशी सोलापूरला नेलं. डॉक्टर तरुण होते, तोंडावर बोलणारे. आत्याबाई, थोरले भाऊजी, मी, आणि स्टुलावर वैनी. त्यांनी तपासलं, हात धुतले, आणि भाऊजींना म्हणाले, "फार उशीर केलात. काखेत पसरलंय, आता ऑपरेशनचा उपयोग नाही. दोन महिने आधी आणलं असतं तर निदान काही करता आलं असतं."

दोन महिने. मी मनात बोटं मोजली. भोगीपासनं नऊ आठवडे.

आत्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, घरात चार-चार बायका! रात्रंदिवस एकमेकींच्या पायांत पाय! एकीच्याही लक्षात येऊ नये?" त्या माझ्याकडं वळल्या. "शकू, तू तर रोज समोर बसत होतीस गं तिच्या!"

माझं तोंड उघडलं. काय बोलणार होते, देव जाणे. वैनीच म्हणाली, "कुणाच्या लक्षात येणार? मी दिसूच दिलं नाही कुणाला. माझीच चूक, आत्याबाई. तिला कशाला बोलता?"

आणि मी तोंड मिटलं. तिनं मला वाचवलं आणि मी वाचवून घेतलं.

किरणांचे शेक द्यायचे म्हणून तिला तिथंच ठेवलं. सोबत मी राहिले. कुणी विचारलंच नाही, जणू मीच राहणार हे ठरलेलंच होतं. तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत आम्ही चार वर्षांचं बोलून घेतलं. वन्संच्या खुणांवरनं हसलो, आत्याबाईंच्या नकला केल्या. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणायची, सख्ख्या बहिणी का तुम्ही? वैनी म्हणायची, "नाही हो, जावा. बहिणी इतक्या भांडत नाहीत."

एके दिवशी सकाळी मी तिची वेणी घालत होते. डावा हात सुजून हा एवढा झाला होता. ती म्हणाली, "शके, त्या दिवशी तू बघितलं होतंस ना?"

हात थांबले माझे. "कुठल्या दिवशी?" म्हटलं.

"भोगीच्या आदल्या दिवशी. ओट्यावर."

"हो."

"मला ठाऊक आहे. मीच दाखवलं होतं तुला."

मला कळेना ही काय बोलतेय. ती पुढं म्हणाली, "दुसऱ्या कुणाला हे सांगायची लाज वाटायची. आधी मेंढी धरली. म्हटलं, शकूच्या एक्क्यावर मी मेंढी घातली नाही असं कधी झालंय? तिला कळेल, हिचं काहीतरी बिनसलंय. तू नुसती क्रेटवर ओरडलीस. मग उजव्या हातानं पानं वाटली. तरी तू फुरंगटलेलीच. मग पदर सोडला."

"मुद्दाम?"

"मग काय! जन्मात एक खूण केली नाही आणि केली ती ही." ती हसली. "तू बघितलंस. मला बरं वाटलं. म्हटलं, आता शकूला कळलंय. आता ती बघेल काय करायचं ते."

मी कंगवा खाली ठेवला आणि तिच्या समोर जाऊन बसले. मला राग आला होता, अगदी खरा राग. "अहो पण तोंड नव्हतं का तुम्हाला? एक शब्द टाकायचा! संक्रांतीला समोर येऊन बसलात, गोड बोला तरी म्हणायचं! एवढा कसला ताठा? मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"मी बोलले असते तर तूही बोलली असतीस."

"मग? बोलले असते!"

"मग तुझी शपथ?"

"कसली शपथ?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मला खरंच आठवत नाही हे तिच्या हळूहळू ध्यानात आलं. मग ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "बाळूची गं. त्या दिवशी त्याला कडेवर घेतलंस, त्याच्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, ह्या पोराची शपथ, या बाईशी परत एक शब्द बोलले तर. सगळ्यांसमोर म्हणालीस."

वॉर्डात कुणीतरी खोकत होतं.

"एक पोर गेलं तेव्हा मी तुझ्या जखमेवर मीठ चोळलं," वैनी म्हणाली. "ते शब्द तोंडातनं सुटले आणि त्याच घटकेला मला कळलं, काय करून बसले. रोज वाटायचं, तुझे पाय धरावेत. पण पाय धरले तर तू बोलणार. आणि तू बोललीस तर दुसऱ्या पोरावरची शपथ मोडणार, माझ्यामुळं. ते पाप कुठं फेडलं असतं मी? म्हणून तर होळीला तुझ्या तोंडावर हात दाबला. तरी बोललीसच. संध्याकाळी बाळूवरनं मीठमोहऱ्या उतरून होळीत टाकल्या, म्हटलं, पोराला काही होऊ देऊ नको, काय व्हायचं ते मला होऊ दे."

मी शपथ विसरले होते हो! राग तेवढा जपून ठेवला होता, चार वर्षं, रोज तेल घालून. आणि ही बाई माझी शपथ पाळत होती, माझ्या पोरासाठी, चिंध्या बदलत. मी तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडला. नर्स धावत आली, तिला वाटलं पेशंट गेला.

त्याच दिवशी दुपारी वैनीनं माझ्याकडनं शब्द घेतला. "तू बघितलं होतंस हे पमीला कधी सांगू नको. आता ती तुझ्याजवळ वाढायची. तुझ्याबद्दल तिच्या मनात काही आलं तर ती कुठं जाईल? तिला सांग, आईनं लपवलं. खपून जातं ते. मेलेल्या माणसावर खपतं."

मी शब्द दिला. ज्येष्ठात ती गेली.

पमीला मी वाढवलं. माझ्या बाळूपेक्षा कणभर जास्तच केलं, बाळूच म्हणतो. शिकली, पुण्याला नोकरीला लागली, लग्न झालं, पोरं मोठी झाली. पण एक सल तिच्या मनात कायम. आईच्या फोटोला ती कधी हार घालत नाही. लहानपणी म्हणायची, "आईला माझी काळजी असती तर तिनं लपवलं असतं का?" मी म्हणायची, "असं बोलू नये." त्यापुढं काही नाही.

गेल्या महिन्यात पमी मला भेटायला आली. आता पन्नाशीची झालीय. तिच्या छातीत गाठ लागली होती, तपासण्या झाल्या, साधी निघाली, देवाची कृपा. तेच सांगायला आली होती. चहा पिता पिता म्हणाली, "हाताला लागली त्याच दिवशी मी डॉक्टरकडं गेले, काकी. आईसारखी नाही मी, पोरांना वाऱ्यावर सोडून लपवत बसणारी. तिला मी कधीच माफ करणार नाही. तू होतीस म्हणून मी वाचले."

तू होतीस म्हणून. मला ते सहनच होईना. वैनीला दिलेला शब्द मोडला आणि सगळं सांगितलं. तिर्री, पदर, तिळगूळ, शपथ. मला बरं वाटलं होतं तेसुद्धा सांगितलं.

पमीनं ऐकून घेतलं. मग चहाचा कप उचलून मोरीत ठेवला, पिशवी घेतली, चपला घातल्या. दारात थांबली.

"नऊ आठवडे, काकी?"

"हो गं."

"आणि मी आईला..." ती पायऱ्या उतरून गेली.

त्याला आज बावीस दिवस झाले. तिचा फोन नाही. मी रोज सकाळी नऊला करते. वाजून वाजून बंद होतो. बाळू म्हणतो, "आई, तिचा राग शांत होऊ दे. थोडं थांब, ती आपण होऊन करेल."

मी म्हटलं, "तू गप बस. नंबर लावून दे."